सेलमधला सूर्य

मी एकदा सूर्य विकत घेतला. सेलमध्ये होता, म्हणून परत घेत नव्हते.

सूर्य विकत घ्यायची वेळ माझ्यासारख्या व्यवहारी बाईवर का यावी? तर त्याला कारण आमच्या सासूबाई, मिनेसोटाचा हिवाळा आणि व्हॅक्यूम क्लीनर. या तिघांपैकी मला फक्त व्हॅक्यूम क्लीनर चालवता येतो.

सासूबाई मिरजेला एकट्या राहतात. आयुष्यभर मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला, आता निवृत्त आहेत. त्या बाथरूममध्ये घसरल्या. त्यांचं हाड मोडलं नाही, पण मिलिंदची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, झोप मोडली. हिवाळाभर तरी आईला इथे, अमेरिकेतल्या ईडन प्रेरीत ठेवायचं, असं ठरवून त्याने तिकीट काढलं. त्या आल्या तेव्हा झाडं लाल-पिवळी होती, ऊन कोवळं होतं. बरा आहे देश, असं त्यांचं मत झालं. मग नोव्हेंबरातल्या एका रविवारी इथल्या रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी घड्याळं तासभर मागे केली, आणि चहाचे कप विसळून होतायत तोवर बाहेर अंधार.

आई खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. "मेधा, दुपार कुठे गेली गं?"

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी त्या म्हणू लागल्या, "मिलिंद, तिकीट जरा अलीकडचं मिळतं का बघ रे." म्हणायच्या हसत, पण मिलिंद हसत नसे. त्याच्या डोळ्यांपुढे मिरजेची ती ओली फरशी यायची.

मी काही हळवी बाई नाही. पण आई जाव्यात असं मलाही वाटत नव्हतं. ऑफिसातून आल्यावर घरात लसणाच्या फोडणीचा वास येतो, हा माझ्या संसारातला नवाच प्रकार होता आणि तो मला चालू ठेवायचा होता.

अडचण होती तिन्हीसांजेची. दिवे लागले की आईंचे नियम लागतात. दिवेलागणीनंतर केर काढायचा नाही, घरची लक्ष्मी बाहेर जाते. नखं कापायची नाहीत, केस विंचरायचे नाहीत, आडवं व्हायचं नाही, विरजणाला दही द्यायचं नाही. (शेवटचा नियम पाळायला सोपा होता. आमच्या गल्लीत विरजण मागायला कोणी येत नाही.) मिरजेत हे सगळं ठीक आहे. तिथे कातरवेळ येते, उदबत्तीचा वास लागेपर्यंत थांबते आणि जाते. इथे ती नोव्हेंबरात येते आणि फेब्रुवारीपर्यंत मुक्काम करते. मी ऑफिसातून घरी पोचते तेव्हा दिवस कधीच संपलेला असतो. म्हणजे कामाच्या दिवशी मी व्हॅक्यूम कधी फिरवायचा? बुटांना लागून रस्त्यावरचं मीठ आणि खडी रोज घरात येते. चालताना पायाखाली असा आवाज यायचा, जणू आम्ही कुरमुऱ्यांवर राहतोय.

त्यातच पहिला मोठा बर्फ पडला. मिलिंदने संध्याकाळी फावडं उचललं, तर आईंनी दारातच हटकलं.

"आई, हा केर नाही, बर्फ आहे," मिलिंद म्हणाला.

"दारातून बाहेर ढकलायचं ते केरच," त्या म्हणाल्या.

बर्फ तसाच राहिला, रात्रीतून दगड झाला, आणि सकाळी मिलिंद ड्राइव्हवेवरून गाडीपर्यंत बसून गेला. म्हणजे उभा निघाला होता. त्याचं घसरणं टाळायला आपण आईंना इथे आणलंय की त्यांचं टाळायला, हेच मला कळेना.

इथे आमच्या शेजारणीबद्दल सांगायला हवं. पूर्वेकडच्या घरात लिंडा राहते. सत्तरी ओलांडलेली, एकटी, आजी-आजोबा नॉर्वेहून आलेले. तिच्या घरात छताला दिवे आहेत, पण ते मी कधी लागलेले पाहिले नाहीत. तिच्याकडे प्रत्येक खुर्चीला स्वतःचा दिवा असतो, प्रत्येक खिडकीत एक छोटा लॅम्प, टेबलावर मेणबत्ती. सगळा उजेड मधाच्या रंगाचा आणि गुडघ्याएवढ्या उंचीचा. मी तिच्याकडे पहिल्यांदा चहाला गेले तेव्हा मला वाटलं, फ्यूज उडालाय. मी मदतीची तयारीही दाखवली. ती म्हणाली, हिवाळ्यात अंधाराला हाकलायचं नसतं, त्याच्याजवळ बसायचं असतं. मी मान डोलावली आणि घरी येऊन मिलिंदला म्हटलं, बाई विजेच्या बिलाला भलतीच घाबरते.

आपल्याकडे असं नाही. आपल्याकडे उजेड म्हणजे ट्यूब. खोलीला एक, मधोमध, पांढरी, सगळ्यांना समान न्यायाने लागणारी. तिच्याखाली पाहुणे निळे दिसतात, पण भाजीतला खडा दिसतो. उजेड दिसण्यासाठी असतो, बसण्यासाठी नाही, या मतावर मी वाढले.

तेव्हा मी हा प्रश्न मुळापासून सोडवायला घेतला. मी ऑफिसात प्रोजेक्ट मॅनेजर आहे. आईंना अंधाराचा त्रास, मला केराचा, आणि दोन्हींवर उपाय एकच: दिवस लांबवणे. आधी घरातले सगळे पिवळे बल्ब काढून लख्ख पांढरे लावले. पाकिटावर 'भर दुपार' अशा अर्थाचं काहीतरी लिहिलेलं होतं. त्या संध्याकाळी मिलिंद अर्धा तास उशिरा आला.

"मी आपलं घर ओलांडून पुढे गेलो यार," तो म्हणाला. "वाटलं, कॉर्नरला नवीन गॅस स्टेशन आलं."

पण आईंवर परिणाम शून्य. त्यांच्या खोलीला मोठी खिडकी होती. ती खोली आमच्या ओंकारची. तो कॉलेजला गेलाय. सकाळी ऊन थेट उशीवर येतं म्हणून त्याने शाळेची सगळी वर्षं त्या खिडकीला शिव्या घातल्या. आत कितीही भर दुपार केली तरी त्या खिडकीत साडेचारच्या सुमाराला बर्फ निळा व्हायला लागायचा. आधी कडेकडेने, मग झाडाखाली, मग अंगणभर, पाण्यात नीळ सोडल्यासारखा. सुट्टीच्या दिवशी दारातून बघितलं तर आई पाठमोऱ्या तिथेच उभ्या असायच्या, शाल लपेटून, खिडकीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीला हात लावून. हा कढीपत्ता दर नोव्हेंबरात संन्यास घेतो. पानं टाकतो आणि काटकी होऊन बसतो. ती काटकी आणि त्या, दोघी त्या निळ्यात बघत असायच्या.

मला वाटलं, खिडकी हेच दुखणं आहे.

म्हणून मी सूर्य आणला. रस्त्याच्या कामावर लावतात तसला चौकोनी दिवा, उंच तिकाटण्यावर बसवलेला. बर्फात, आईंच्या खिडकीबाहेर उभा केला, तोंड काचेकडे. काचेवर आतून पांढरा पडदा ओढला. "आई, फटीतून थंडी येते, पडदा खालीच असू दे." सूर्याला टायमर लावला. बाहेर उजेड कमी व्हायला लागला की हा आपोआप लागायचा आणि पडद्यावर मस्त, ढगाळ दिवसासारखा उजेड पसरायचा. मी घरी येऊन, चहा पिऊन, आरामात व्हॅक्यूम फिरवेपर्यंत आमच्याकडे दुपारच. मग साडेसहाला मी टायमरकरवी सूर्य मावळवायची. तोही जरा नजाकत म्हणून मंद करत करत. देवानेही इतकी काळजी घेतली नसेल.

"आई, अजून उजेड आहे, पटकन केर काढून घेते हं," असं पहिल्या दिवशी मी म्हटलं तेव्हा आईंनी पडद्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा पडद्याकडे.

"काढ बाई," त्या म्हणाल्या.

मी काढला. मिलिंदने बर्फ काढला. आणि खरं सांगायचं तर ते दिवस मोठे छान होते. बाहेर अंधारात बर्फ पडत असायचा, प्रत्येक कण दिव्याच्या झोतात येताना चांदीचा होऊन यायचा, पडद्यावर त्यांच्या सावल्या खाली खाली तरंगत जायच्या, आणि आई त्या उजेडात पलंगावर पाय वर घेऊन वाती वळत बसायच्या. घर इतकं शांत की कापूस ताणल्याचा आवाज ऐकू यावा. (म्हणजे मी व्हॅक्यूम बंद केल्यावर.) आईंनी तिकिटाचं नावही काढलं नाही. कुरकुर बंद. ऑफिसात अशा वेळी आम्ही कामापुढे हिरवी खूण करतो. मी मनात केली.

मग आई बोलायच्याच कमी झाल्या. नियम मोडला म्हणून मला रागवेनात. मिलिंदने मुद्दाम त्यांच्यासमोर नखं कापली, तरी त्या काही बोलल्या नाहीत. तेव्हा तो घाबरला. आणि एका शनिवारी मी त्यांच्या खोलीत गेले तर पलंगावर बॅग उघडी आणि तिच्यात घड्या घातलेल्या साड्या.

"मिलिंद, पुढच्या आठवड्याचं तिकीट काढ," आईंनी जेवताना सांगितलं. या वेळी हसत नव्हत्या. "इथे माझा जीव रमत नाही."

मिलिंद नंतर भांडी घासताना मला म्हणाला, "तिकडे ती पुन्हा पडली तर मला फोनवर कळणार, मेधा. तेही कोणी सांगितलं तर."

यावर एखाद्या शहाण्या बाईने सासूजवळ बसून विचारलं असतं, की आई, काय होतंय? मी दुसरा सूर्य मागवला. उजेड कमी पडतोय, हे उघडच होतं.

दोन सूर्यांनी काम चोख झालं. आईंची खिडकी विमानतळावरून दिसली असती. पडद्यामागचा कढीपत्ता तर पानं मोजता येऊ नयेत असा भडाभडा फुटला. आई मात्र त्या उजेडाकडे पाठ करून बसायला लागल्या, आणि बॅगेत स्वेटरही गेले.

बुधवारी संध्याकाळी दाराची बेल वाजली. दारात लिंडा. टोपीवर बर्फ, हातात काचेच्या झाकणाचं भांडं, वाफ येत असलेलं. मी ताबडतोब ओळखलं की ती दिव्यांची तक्रार करायला आलीय. मिनेसोटातली माणसं तक्रारसुद्धा खायला घेऊन करतात.

"मेधा, मी आधीच यायला हवं होतं," ती हलक्या आवाजात म्हणाली. "पण अशा वेळी घरच्यांना एकटं राहू द्यावं असं वाटलं."

"नाही गं, चूक आमची आहे," मी म्हटलं. "तुला किती त्रास झाला असेल. पण फेब्रुवारीपर्यंतच. मग इथून हलवू."

लिंडाचा चेहरा पांढरा पडला. "म्हणजे अजून घरातच आहेत?"

"कोण?"

"मिलिंदची आई."

मग माझं लक्ष त्या भांड्याकडे गेलं. वर बटाट्याचे गोळे रचलेला तो भाजलेला पदार्थ. इथे त्याला हॉटडिश म्हणतात, आणि कुणाकडे माणूस गेलं की शेजारी तो नेऊन देतात. आपल्याकडे पिठलं-भात नेतात तसा. (लिंडाने त्यात मांस घातलं नव्हतं. हिंदू घरातल्या दुःखाचा तिने नीट विचार केला होता.) पडदा कायमचा खाली, मागे दवाखान्यासारखा पांढरा उजेड, मग उजेड दुप्पट. खिडकीत येणारी म्हातारी बाई पुन्हा दिसली नाही. लिंडाने आपल्या मधाच्या रंगाच्या अंधारात बसून या सगळ्याचा जो व्हायचा तो अर्थ लावला होता.

मी तोंड उघडणार, एवढ्यात मागून आईंच्या चपला वाजल्या. शाल, कानटोपी, हातात वातींची डबी.

लिंडाने भांडं माझ्या हातात जवळजवळ टाकलं. मग तिने हातमोजे काढले आणि दोन्ही हात नीट, बोटाला बोट लावून जोडले. आईंनी डबी बगलेत धरून हात जोडले. दोघी एकमेकींकडे बघून अशा हसल्या, की त्यांच्या मध्ये हॉटडिश घेऊन उभी असलेली मी म्हणजे एक खांब होते.

"तुम्ही ओळखता एकमेकींना?" मी मराठीत विचारलं की इंग्रजीत, ते आठवत नाही.

"म्हणजे काय, रोज भेटायचो की," आई म्हणाल्या. "तू तो सूर्य लावेपर्यंत."

मग उलगडा झाला. आम्ही ऑफिसात असायचो तेव्हा रोज, अंधारायला लागलं की लिंडा आपल्या खिडकीतला लॅम्प लावायची. लागलेला दिवा दिसला की आपण हात जोडतो, कुणाचा का असेना. आईंनी जोडले. लिंडाला वाटलं, आपल्याला नमस्कार केला. तिने हात हलवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग लिंडा हात जोडायला शिकली आणि आई हात हलवायला. पुढे पुढे लिंडा आपला कॉफीचा मग वर करून दाखवायची आणि आई चहाचा कप. आईंना इंग्रजी समजतं, बोलायचा संकोच वाटतो. इथे बोलायचं कामच नव्हतं. मध्ये निळा बर्फ, इकडे एक खिडकी, तिकडे एक.

"मग तिकीट तिकीट काय करत होतात सुरुवातीला?" मी जरा चिडूनच विचारलं.

"ते बोलायचं म्हणून गं. इथे हवेबद्दल बोलतात, मी तिकिटाबद्दल बोलायची. मिरजेत दिवे लावायला मी एकटीच असते. इथे म्हटलं, पलीकडे कुणीतरी आपल्याबरोबर लावतंय. मग अंधाराचं काही वाटेना. आणि मग तू पडदा ओढलास."

"पण तुम्हाला कळलं होतं? की तो दिवा आहे?"

आईंनी माझ्याकडे पाहिलं. चाचणीत नापास झालेल्या मुलीकडे बघावं, तसं. "मेधा, ती खिडकी पूर्वेला आहे. मी जन्मभर भूगोल शिकवला. तुझा सूर्य रोज पूर्वेला मावळत होता."

लिंडासमोर हसू नये म्हणून मिलिंद जिन्यावर तोंड फिरवून उभा राहिला. त्याच्या पाठीवरून सगळं कळत होतं.

"मग सांगायचं ना, आई!"

"कशी सांगू? पोरगी एवढी धडपडतेय, सूर्यसुद्धा घेऊन आली. आणि तुझा केर निघत होता." मग कानटोपी काढत त्या म्हणाल्या, "केराचंच होतं, तर मला म्हणायचं होतंस. दुपारी मी घरात रिकामीच असते. फिरवला असता की तो व्हॅक्यूम."

प्रोजेक्टमध्ये सगळ्यांशी आधी बोलून घ्यावं, हे वाक्य मी ऑफिसात दर सोमवारी म्हणते.

मी बाहेर जाऊन दोन्ही सूर्यांची वायर उपटली. लिंडा आपल्या अंगणातून परत निघाली होती. तिच्या पावलांचे खड्डे त्या निळ्यात एकापुढे एक उमटत गेले. आत येऊन मी आईंच्या खोलीतला पडदा वर केला आणि घरातली भर दुपार बटणाबटणाने मालवली. काच काळोखी झाली, मग हळूहळू खोल झाली. बर्फ पडत होता, अगदी सावकाश, काही घाई नसल्यासारखा. पलीकडे दार लागलं. थोडा वेळ काहीच नाही. मग त्या खिडकीत तो छोटा लॅम्प लागला, आणि त्याचा उजेड अंगणातल्या बर्फावरून सरकत आमच्या भिंतीपर्यंत आल्यासारखा वाटला. (तो येत नाही. लांब आहे. पण वाटला.)

आईंनी हात जोडले. मिलिंदने जोडले. मीही जोडले, कारण त्या अंधारात हातांचं दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. मग आईंनी मागे न बघता म्हटलं, "मिलिंद, तिकीट राहू दे. बर्फ वितळल्यावर बघू."

मिलिंदने बॅग माळ्यावर टाकली, ती दोनदा ढकलून, अगदी मागे.

आता आई दुपारी तीनला व्हॅक्यूम फिरवतात, संध्याकाळी वाती लावतात. मी घरी येते तेव्हा घरात दोनच दिवे असतात आणि मला किल्ल्या ठेवायची जागा सापडत नाही. हॉटडिश आईंना आवडलं. वरून त्यांनी जिरं-हिंगाची फोडणी दिली. आता लिंडा ते तसंच करते. सूर्य परत घेत नाहीत म्हणून ते तळघरात कढीपत्त्याला दिले. माझ्या सूर्यावर आमच्या घरात शेवटपर्यंत विश्वास ठेवणारे दोघंच निघाले, एक कढीपत्ता आणि एक मी. त्यातल्या कढीपत्त्याला निदान पालवी फुटली.